वऱ्हाडातून विमानांचं संग्रहालय बघायला जायचंय? मग गोव्यात बीचच्या आधी बोगमाळोच्या रस्त्यावर थांबा

१६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी नियमित विमानसेवा सुरू झाली आणि अमरावतीकरांना नागपूर न गाठता घरच्याच धावपट्टीवरून उडता येऊ लागलं. विमान होतं अलायन्स एअरचं एटीआर-७२. दोन पंख्यांचं, सत्तरेक माणसं बसतील एवढं. तिकडे अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली. वयानं ती बेलोऱ्याची थोरली बहीण, पण तिची लांबी वाढवायचा विषय वर्षानुवर्षं नुसता निघतो आणि पुन्हा फायलीत जातो.

तर मुद्दा असा की वऱ्हाडात आता विमान दिसतं, पण काचेपलीकडून. सुरक्षा तपासणी झाली, बस किंवा पायरी आली, आत जाऊन पट्टा बांधला की संपलं. विमानाच्या पोटाखाली वाकून बघावं, चाकं कुठं दुमडतात ते शोधावं, पंख्याचं पातं किती मोठं असतं ते अंगाशी मापून पाहावं, अशी सोय विमानतळावर नसते. त्यासाठी संग्रहालय लागतं. आणि जुनी विमानं मांडून ठेवलेलं संग्रहालय अमरावतीत नाही, अकोल्यातही नाही.

खरं तर वऱ्हाडाच्या आभाळाला जुन्या विमानांची ओळख चांगली आहे. १९४९ पासून देशात रात्रीची टपाल विमानसेवा चालायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, तिथं टपालाच्या थैल्या आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. मुंबई ते नागपूर नकाशावर सरळ रेघ ओढून बघा, ती वऱ्हाडावरूनच जाते. १९७३ पर्यंत ही सेवा चालली. आज त्या विमानांची घरघर आठवणारी माणसं सत्तरीच्या पुढची.

मग जायचं कुठं?

देशात पर्याय आहेत. दिल्लीला पालमजवळ हवाई दलाचं संग्रहालय आहे, ते १९६७ पासूनचं. बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, म्हणजे एचएएलचं आहे. चंदीगडला मे २०२३ मध्ये हवाई दलाचं वारसा केंद्र उघडलं. पुण्यात घोरपडीच्या बाजूला दक्षिण मुख्यालयाचं युद्धस्मारक आहे, तिथं मिग-२३ बीएन जातीचं एक लढाऊ विमान उभं आहे. ते बघण्यासारखं आहे, पण ते एकच.

आपल्या भागातून जाऊन एका दिवसात, एकाच आवारात, पाण्यावर उतरणाऱ्या विमानापासून उभ्या उभ्या जमिनीवर टेकणाऱ्या लढाऊ विमानापर्यंत सगळं बघायचं असेल तर नाव एकच निघतं. गोव्यातलं नौदल विमान संग्रहालय. वास्कोजवळ, दाबोळी विमानतळाला वळसा घालून बोगमाळो बीचकडे जो रस्ता जातो त्यावर. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झालं. गोव्याला जाणारी बहुतेक वऱ्हाडी मंडळी कळंगुट-बागा करून परत येतात आणि हे राहूनच जातं. गावाकडे कोणी म्हणेलही, "इतल्या दूर इमान पाहाले कायले जातं बे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आवारात उभं आहे.

वेरूळची राणी, जी आता समुद्राकाठी राहते

आवारातलं सगळ्यात मोठं विमान ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. लांबी साधारण ३४ मीटर, पंखांची टोकं मोजली तर साडेसदतीस मीटर, चार मोठे पंखे आणि मागे एक नव्हे तर तीन शेपट्या. हे लॉकहीड कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन. अंगलट बघा, नळीसारखी सरळ नाही. पुढून खाली झुकलेली, मधे फुगलेली, मागे वर उचललेली, एखाद्या डॉल्फिनसारखी. तीन शेपट्यांचं कारण मात्र सौंदर्य नव्हे. एकच शेपटी ठेवली असती तर ती इतकी उंच झाली असती की त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत जाईना. म्हणून तिघींत विभागली.

अंगावर नौदलाचा रंग आणि आयएन-३१५ हा क्रमांक आहे, पण हे विमान नौदलासाठी जन्मलेलंच नाही. ते एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं आणि त्याचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. एलोरा म्हणजे आपलं वेरूळ. एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं पन्नासच्या दशकात आली आणि कंपनीनं त्यांना राण्यांची नावं दिली. झाशीची राणी, अजिंठ्याची राणी, वेरूळची राणी. जेट विमानं यायच्या आधी परदेशात जायचं म्हणजे अशा विमानात बसायचं, मधल्या विमानतळांवर इंधनासाठी थांबत थांबत जायचं. प्रत्येक इंजिनात १८ सिलिंडर, चार इंजिनांचे मिळून ७२. मोटारसायकलचा एक सिलिंडर सांभाळताना मेकॅनिकच्या नाकी नऊ येतात, त्यावरून ७२ सिलिंडरांच्या देखभालीचा अंदाज करा.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोईंग ७०७ हे जेट आलं आणि राण्यांचे दिवस भरले. प्रवाशांना पंख्यांचं विमान एकदम जुनं वाटायला लागलं. एरवी अशी विमानं भंगारात जातात. यातली काही हवाई दलानं घेतली आणि पुण्याच्या लोहगाव तळावर ठेवली. कारण साधं होतं. हे विमान न थांबता तासन् तास उडू शकायचं, आणि समुद्रावर टेहळणी करायला वेगापेक्षा दम जास्त लागतो. त्यात शोधरडार बसवलं. १९७६ मध्ये ही टेहळणी हवाई दलाकडून नौदलाकडे आली, तेव्हा पाच विमानं गोव्याला गेली. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात ती निवृत्त झाली. म्हणजे साहेब लोकांना लंडनला नेणारी राणी तिशीला टेकेपर्यंत अरबी समुद्रावर पहारा देत होती. सगळ्या प्रकारांची मिळून जगात ८५६ कॉन्स्टेलेशन बनली, त्यातली आता बोटावर मोजण्याइतकी शाबूत आहेत.

दाबोळीचा आणि या जातीच्या विमानाचा आणखी एक जुना संबंध आहे. १८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीच्या कारवाईत पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्या वेळी विमानतळावर दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उभी होती, त्यातलं एक कॉन्स्टेलेशन. रात्र पडल्यावर पोर्तुगिजांनी धावपट्टीचा थोडा भाग घाईघाईनं दुरुस्त केला, अधिकाऱ्यांच्या घरची माणसं आत बसवली आणि दोन्ही विमानं अंधारात कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. त्याच दाबोळीवर १९६४ मध्ये नौदलाचा हंसा हा तळ कोईमतूरजवळच्या सुलूरहून हलवला गेला, आणि आज तिथंच एक कॉन्स्टेलेशन कायमचं थांबलं आहे.

२१३ मीटरच्या जहाजावर विमान उतरतं कसं?

बाकीच्या विमानांकडे जाण्याआधी एक हिशोब डोक्यात ठेवा, म्हणजे संग्रहालय नीट कळेल. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटरची आहे आणि एटीआरसारखं विमान तिच्यावरून उडतं. नौदलाच्या पहिल्या विक्रांत जहाजाची सगळी लांबी होती साधारण २१३ मीटर. त्यातही उतरायला मिळणारा तुकडा आणखी कमी, तो हलता, आणि वर पावसाळी समुद्र. अशा जागेवर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं जेट विमान उतरवायचं.

हे जमायचं तीन गोष्टींमुळे. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो, तो खाली सोडायचा. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात, त्यातली एक तार आकड्यात अडकली की विमान काही क्षणांत थांबतं. तार हुकली तर पुन्हा उडण्याइतका जोर हवा, म्हणून वैमानिक उतरताना इंजिन बंद करत नाही, उलट जोर वाढवतो. आणि उडताना वाफेवर चालणारी गलोल, म्हणजे कॅटापल्ट, विमानाला पुढे भिरकावते. आता संग्रहालयात सी हॉक आणि अलिझे या दोन विमानांच्या शेपटीखाली वाकून तो आकडा शोधा. मग पंखांकडे बघा. मधोमध बिजागरी आहे. जहाजाच्या पोटात जागा कमी, म्हणून पंख दुमडून विमान आत घ्यायचं, घरात खाटा उभ्या करून ठेवतात तसं.

सी हॉक हे विक्रांतवरचं पहिलं जेट. त्याची एक गंमत अशी की शेपटीच्या टोकाला धूर सोडायचं नळकांडं दिसत नाही. इंजिनचा झोत आत दुभागलेला आहे आणि तो दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. ४ डिसेंबर १९७१ ला याच जातीच्या विमानांनी विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगावच्या विमानतळांवर-बंदरांवर हल्ले केले. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एक तेव्हा निकामी होता, जहाज पूर्ण वेगानं धावू शकत नव्हतं, तरी बंगालच्या उपसागरात ते गेलंच. याच हवाई हल्ल्यांमुळे पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद व्हायला मदत झाली.

अलिझे त्याच्याशेजारी थोडं बेढब दिसतं. फ्रेंच बनावटीचं, एका पंख्याचं, आत तीन माणसं. काम पाणबुड्या शोधायचं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री खुकरी ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दुसऱ्या दिवशी त्या पाणबुडीच्या शोधात निघालेलं एक अलिझे पाकिस्तानच्या स्टारफायटर जेटच्या तावडीत सापडलं आणि आतले तिघेही परत आले नाहीत. समोर उभं असलेलं विमान ते नव्हे, पण तीच जात. पंख्याच्या संथ विमानानं जेटपुढे पळायचं म्हणजे काय, हे त्याच्याकडे बघून समजतं. सेल्फीच्या रांगेत मात्र इथं कुणी फारसं थांबत नाही.

रांग असते सी हॅरियरपुढे. तेही ठीकच. १९८३ च्या डिसेंबरात पहिली सी हॅरियर विमानं दाबोळीला आली, आणि ११ मे २०१६ ला त्याच हंसा तळावर त्यांना निरोप दिला गेला. या विमानाला आकडा, तार, गलोल काहीच लागत नाही. बाजूला जाऊन दोन्हीकडची मिळून चार तोंडं बघा. इंजिनचा सगळा झोत या चार तोंडांतून बाहेर येतो आणि तोंडं फिरवता येतात. मागे वळवली की विमान पुढे पळतं, खाली वळवली की हवेत टांगून राहतं आणि हळूच डेकवर टेकतं. ऐकायला सोपं, चालवायला फार अवघड. एका हातानं वेग आणि झोताची दिशा दोन्ही सांभाळायची, आणि चूक सावरायला उंची मिळत नाही.

विमानं आहेत, जहाजं कुठं आहेत?

ही सगळी विमानं बघताना एक प्रश्न पडायला हवा. ज्या जहाजांसाठी ही बनली, ती जहाजं कुठं गेली?

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झालं. मुंबईत ते संग्रहालय म्हणून उभं होतं, २००१ पासून लोकांना बघायलाही मिळत होतं. २०१२ मध्ये जहाज धोकादायक झालं म्हणून ते बंद केलं. मग लिलाव, मग सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली याचिका, आणि २०१४ च्या शेवटी मुंबईच्या दारूखान्यात ते तोडायला घेतलं. त्याचं थोडं पोलाद एका कंपनीनं विकत घेऊन मोटारसायकलींत वापरलं. २०१६ साली ती बजाज व्ही गाडी घेतलेले लोक अमरावती-अकोल्यातही सापडतील. त्यांच्या टाकीत विक्रांतचा अंश आहे, हे जाहिरातीतलं वाक्य नुसतं वाक्य नव्हतं.

दुसरं जहाज विराट. सी हॅरियर मुख्यतः त्यावर असायची. ते मार्च २०१७ मध्ये निवृत्त झालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात ते कायमचं उभं करून तिथं संग्रहालय करायला मंजुरी दिली. खर्चाचा आकडा होता ८५२ कोटी रुपये. ते झालं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विराट गुजरातच्या अलंगला भंगारासाठी रवाना झालं. पुन्हा एकदा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुन्हा उशीर झालेला होता.

याचा दोष कुणा एकाला देणं सोपं आहे, पण जहाज जपणं खरोखरच महाग असतं. पाण्यात उभं लोखंड रोज गंजतं, तळ दर काही वर्षांनी कोरड्या गोदीत नेऊन घासावा लागतो, आणि तिकिटाच्या पैशांत ते भागत नाही. विमान जपणं त्या मानानं स्वस्त. तरी फुकट नाही. विमानाचं अंग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं, हजारो रिव्हेटांनी जोडलेलं. बोगमाळोचा समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेत मीठ, वर गोव्याचा पाऊस. खारं पाणी सांध्यांत शिरून बसलं की पत्रा आतून खातं आणि वरून रंग चकचकीत दिसत राहतो. राणीसारखं विमान छपराखाली न्यायचं तर हॉलच सिनेमागृहाएवढा लागेल. त्यामुळे ही विमानं उघड्यावर आहेत, आणि दर वर्षी थोडी थोडी झिजत आहेत. जायचं तर पुढच्या पिढीवर ढकलू नये, एवढं खरं.

सगळ्यात छोट्या विमानापाशी थांबा

आवारात आणखी बरंच आहे. शॉर्ट सीलँड हे उभयचर विमान बघा, ज्याचं पोट होडीच्या तळासारखं आहे. १९५३ मध्ये कोचीला नौदलाची विमानशाखा सुरू झाली ती याच जातीच्या विमानांवर. जगात ही जेमतेम पंचवीस बनली, त्यातली दहा भारतानं घेतली होती. फायरफ्लाय हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, पण आपल्याकडे त्याला काम होतं लांब दोरीनं कापडी लक्ष्य ओढत न्यायचं, म्हणजे जहाजावरच्या तोफांना नेमबाजीचा सराव होई. ते चालवणाऱ्या वैमानिकाचा तोफवाल्यांवर विश्वास फार असावा लागत असणार. व्हँपायर हे जेट असूनही त्याची मधली कुडी प्लायवुड आणि बाल्सा लाकडाची आहे. कामोव्ह-२५ या रशियन हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा नाही, वरच एकावर एक दोन पंखे उलट दिशांनी फिरतात. आत इमारतीत इंजिनं, शस्त्रं, जहाजांच्या प्रतिकृती आणि फोटो. तिथं उन्हापासून सुटका होते, हाही फायदा.

पण वऱ्हाडातून आलेल्या माणसानं सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो एचटी-२ पाशी. दिसायला अगदीच साधं. एक पंखा, मागच्या बाजूला छोटं चाक, एकामागे एक दोन जागा. एका जागेवर शिकणारा, दुसरीवर शिकवणारा, दोघांपुढेही विमान चालवायची दांडी. पहिलं उड्डाण ऑगस्ट १९५१ मध्ये. भारतात आराखडा तयार होऊन भारतातच कारखान्यात मोठ्या संख्येनं बनलेलं हे पहिलं विमान, आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झालं ते होते डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले, १९०८ चा जन्म. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे हवा विमानाच्या अंगावरून कशी वाहते याचं शास्त्र ज्यांनी पायावर उभं केलं ते शास्त्रज्ञ.

घाटगे ज्या कंपनीत गेले तिचीही सुरुवात मराठी मुलखाशी जोडलेली आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद १९३९ मध्ये मोटारींच्या कारखान्याच्या कामानं अमेरिकेच्या प्रवासात होते. विमानात त्यांना विल्यम पॉली हे विमानधंद्यातले अमेरिकन गृहस्थ भेटले, गप्पा झाल्या, आणि १९४० च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. घाटगे तिथल्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग त्यांनीच सुरू केला. एचटी-२ नंतर पुष्पक, कृषक, किरण ही विमानंही त्यांच्या काळातली. एचटी-२ वर हवाई दलाच्या आणि नौदलाच्या वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. काही विमानं घानाला गेली, तिथलं नवं हवाई दल भारताच्या मदतीनं उभं राहत होतं तेव्हा.

आता जरा मोबाइल काढून आठवा, मराठी माणूस आणि विमान म्हटलं की कोणता फॉरवर्ड येतो? शिवकर बापूजी तळपदे यांचा. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं, असा. या उड्डाणाचा समकालीन ठोस पुरावा मिळालेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा या चर्चेत आधार दिला जातो, त्याची तपासणी भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. तळपदेंची धडपड खोटी होती असं यातून कुणी म्हणत नाही. पण ज्या मराठी माणसाचं विमान खरोखर उडलं, कारखान्यात बनलं, परदेशात गेलं आणि आजही डोळ्यांनी बघता येतं, त्याच्या नावाचा फॉरवर्ड कुणाला आलेला नसतो, हे विचित्र आहे.

आणि वऱ्हाडाचा संबंध इथंच येतो. बेलोऱ्याला एअर इंडिया आपली वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारते आहे. त्यासाठी ३४ शिकाऊ विमानांची मागणी नोंदवली गेली, ३१ एका इंजिनाची आणि ३ दोन इंजिनांची. वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याची क्षमता ठरवलेली आहे. म्हणजे येत्या काळात अमरावतीच्या शेतांवरून मोठं बोईंग नव्हे, तर एचटी-२ च्या नात्यातली छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालताना दिसतील. कापूस वेचणारी माणसं मान वर करून बघतील ते विमान असंच असेल, फक्त अंगात कॉम्प्युटरचे पडदे असलेलं. बारावी सायन्सला फिजिक्स-गणित घेतलेलं लेकरू घरात असेल तर त्याला हॅरियरपुढून ओढून इथं आणा. वैमानिक होण्याची सुरुवात लढाऊ विमानानं होत नाही, अशाच दोन खुर्च्यांच्या विमानानं होते.

जायचं कसं?

रेल्वेनं सोयीची म्हणजे नागपूर-मडगाव विशेष गाडी. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, नाशिक रोड, पनवेल करत ती कोकण रेल्वेनं मडगावला जाते. ती रोज नसते आणि विशेष गाडी असल्यानं तिची मुदत वाढत-सरत राहते, म्हणून सुट्टी टाकण्याआधी वेळापत्रक बघा. ती मिळाली नाही तर महाराष्ट्र एक्स्प्रेस बडनेरा-अकोल्याहून पुण्याला आणि पुढे कोल्हापूरला जाते. पुण्यात एक दिवस थांबून युद्धस्मारकातलं मिग-२३ बघता येईल, मग बसनं गोवा. मडगावहून वास्कोला बस मिळते आणि वास्कोहून बोगमाळो जवळ.

विमानानं जायचं असेल तर बेलोऱ्याहून मुंबई आणि तिथून गोवा. पण तिकीट काढताना विमानतळाचं नाव वाचा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी संग्रहालयापासून काही मिनिटांवर आहे. २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेलं मोपा उत्तर टोकाला आहे. स्वस्त तिकिटाच्या नादात मोपाला उतरलात तर वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला द्यावे लागतील.

संग्रहालय सोमवारी बंद असतं. तिकीट किरकोळ आहे. तळ नौदलाचा असल्यानं आजूबाजूला जिथं फोटोला मनाई लिहिली आहे तिथं मोबाइल खिशात ठेवा. दोन-अडीच तास पुरतात. सकाळी गेलात तर आधी बाहेरची विमानं करा आणि ऊन चढलं की आत इमारतीत शिरा. दुपारी पोहोचलात तर उलट. पावसाळ्यात छत्री हवीच, आणि जुलै-ऑगस्टमध्ये राणीच्या पंखाखाली उभं राहून सर थांबायची वाट बघावी लागली, तर तेवढ्या वेळात पत्र्यावरची रिव्हेटांची ओळ जवळून बघून घ्या.